राजाची शिकार आणि कुळाचे शेत

व्हिएन्नाच्या कलासंग्रहालयात लुकास क्रानाख या जर्मन चित्रकाराचे १५२९ सालचे एक चित्र आहे. सॅक्सनीचा अधिपती फ्रेडरिक, त्याचा धाकटा भाऊ जोहान आणि सम्राट मॅक्सिमिलियन हे तिघे हरणांच्या शिकारीस निघाले आहेत. कुत्र्यांनी रेटलेला कळप पाण्यात शिरला आहे, आणि शिकारी क्रॉसबो रोखून उभे आहेत. गंमत अशी की चित्र रंगले तेव्हा या तिघांपैकी दोघे हयात नव्हते. सम्राट १५१९ मध्ये वारला होता आणि फ्रेडरिक १५२५ मध्ये. तेव्हा ही कोण्या एका दिवसाची नोंद नव्हे. यशस्वी शिकार कशी दिसावी याचा तो एक दरबारी नमुना आहे.

क्रॉसबो म्हणजे लाकडी दांड्याच्या टोकाशी आडवे बसवलेले आखूड धनुष्य. पूर्वी ते शिंग आणि स्नायुतंतू यांचे थर चिकटवून करीत. पंधराव्या शतकात पोलादाचे होऊ लागले. असले धनुष्य नुसत्या हाताने ओढणे मनुष्याच्या आवाक्यातले नव्हे. म्हणून दातेरी पट्टी आणि चक्र असलेले एक यंत्र दांड्यावर चढवून, हातळी फिरवीत फिरवीत दोरी मागे आणावी लागे. मागे आलेली दोरी एका फिरत्या गोट्याच्या खाचेत अडके, आणि हा गोटा पुष्कळदा हरणाच्याच शिंगाचा केलेला असे! खालची कळ दाबली की गोटा फिरे, दोरी सुटे आणि आखूड, जाड बाण निघून जाई. साध्या धनुष्याची दोरी ताणून धरणाऱ्याचा हात थोड्याच वेळात थरथरू लागतो. क्रॉसबोवाला मात्र सज्ज धनुष्य घेऊन झाडाआड स्वस्थ उभा राहू शकतो. हाक्यातून जनावर समोर येईपर्यंत वाट पाहणाऱ्या राजपुरुषाला याहून सोयीचे हत्यार कोणते? १३९ साली नव्हे, तर ११३९ साली, म्हणजे या चित्राच्या जवळजवळ चारशे वर्षे आधी, रोमच्या लॅटरन धर्मसभेने ख्रिस्ती माणसांवर हे हत्यार चालविण्यास बंदी केली होती. हरणांच्या बाजूने अर्थातच कोणी बोलले नाही.

आता हंगामाचे पाहू. युरोपातील तांबडे हरीण हे आपल्या काश्मिरी हंगुलाचे जवळचे भाऊबंद. त्याचा नर उन्हाळाभर चरतो, अंगावर चरबी धरतो आणि शिंगांवरची मखमल झाडून टाकतो. सप्टेंबरच्या उत्तरार्धात माजावर आला की खाणे सोडतो आणि खंगतो. म्हणून उत्तम मांस हवे तर हंगामाच्या आरंभीच गाठले पाहिजे. मध्ययुगीन इंग्लंडात नराची शिकार जूनच्या अखेरीपासून १४ सप्टेंबरपर्यंत चाले, आणि त्या दिवसांना ‘चरबीचा काळ’ असेच नाव होते. फ्रान्सच्या दक्षिणेकडील फ्वा येथील सरदार गास्तों फेब्यूस याने १३८७ मध्ये शिकारीवर ग्रंथ लिहावयास घेतला. त्यात माग काढणारा माणूस पहाटे रानात जाऊन नराच्या लेंड्या गोळा करतो, आपल्या शिंगात भरून आणतो आणि शिकारी मंडळी जमली की धन्यापुढे मांडतो. त्या पाहून जनावर किती मोठे, किती पुष्ट, हे ठरवावयाचे. शिकारीची निम्मी विद्या या लेंड्यांत होती, असे म्हणावयास हरकत नाही.

परंतु ही चरबी आली कोठून? जुलै-ऑगस्टमध्ये त्या मुलखात राय आणि ओट पिकतात. रानातला कळप रात्री रानाबाहेर येई आणि उभे पीक खाई. आपल्याकडे माळ्यावर बसून, डबा वाजवून रात्र काढणाऱ्या शेतकऱ्याला हे समजावून सांगावे लागणार नाही. फरक एवढाच की जर्मन कुळाला ते जनावर मारण्याची मुभा नव्हती. ते धन्याचे होते. शिवाय धन्याची शिकार निघाली की हाकेकरी म्हणून वेठीला जावयाचे तेही याच कुळांनी, आणि ऐन सुगीच्या दिवसांत.

मार्च १५२५ मध्ये मेमिंगेन गावी शेतकऱ्यांनी आपल्या मागण्यांची बारा कलमे मांडली. ती लिहिणारांत सेबास्टियान लोट्झर हा कातडी फरचे कपडे शिवणारा कारागीर प्रमुख होता, असे मानतात. चौथे कलम शिकारीचे आहे. देवाने माणसासाठी पिकविलेले धान्य मुके जनावर फस्त करते आणि आम्ही ते निमूटपणे पाहावे, ही त्यातील तक्रार. धर्म, कर, वेठ यांच्या मोठमोठ्या प्रश्नांच्या बरोबरीने हरणाचा प्रश्न आला, यावरून तो किती झोंबत असेल हे कळते. ५ मे रोजी फ्रेडरिक वारला; १५ मे रोजी फ्रांकनहाउसेनजवळ थुरिंगियातील शेतकऱ्यांची कत्तल झाली. चारच वर्षांनी क्रानाखने आपले चित्र रंगविले. त्यातली हरणे चांगली गुबगुबीत आहेत.

आपल्या जमिनीवर शिकार करण्याचा हक्क जर्मन शेतकऱ्याला मिळाला तो १८४८ च्या क्रांतीत, म्हणजे मेमिंगेननंतर ३२३ वर्षांनी. आजच्या जर्मन शिकार कायद्यात हरणांवर बाण सोडण्यास मनाई आहे. क्रॉसबो तेथे भिंतीवरच टांगलेला बरा. आणि त्याच कायद्यात, हरणांनी पीक खाल्ले तर शेतकऱ्याला भरपाई द्यावी, असेही एक कलम आहे.