ऑत्रांतोचा बनावट कॅनन

इंग्रजी भयकादंबरीचा उगम शोधू गेल्यास आपण एका बनावट धर्मगुरूपाशी येऊन पोहोचतो. २४ डिसेंबर १७६४ रोजी, नाताळच्या आदल्या दिवशी, लंडनमध्ये ‘द कॅसल ऑफ ऑत्रांतो’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. ऑत्रांतो येथील संत निकोलस चर्चचे कॅनन ओनुफ्रिओ मुराल्तो यांच्या इटालियन कथेचा हा अनुवाद होय, असे त्यावर छापले होते. मूळ प्रत उत्तर इंग्लंडमधील एका जुन्या कॅथलिक घराण्याच्या ग्रंथसंग्रहात सापडली, असे प्रस्तावना सांगत होती. लोकांना जुन्या भ्रमांत जखडून ठेवण्यासाठी कोणा धूर्त धर्मगुरूने ती रचली असावी, अशी पुस्तीही तीत होती.

कॅनन खोटा आणि मूळ प्रतही खोटी! खरा लेखक होता माजी पंतप्रधानांचा पुत्र व संसदसदस्य होरेस वॉल्पोल. ही त्याची पहिली आणि एकमेव कादंबरी. विवाहाच्या दिवशीच राजपुत्र एका अवाढव्य शिरस्त्राणाखाली चिरडला जातो, येथून तिचा आरंभ होतो. ती वाचून केंब्रिजमध्ये रात्री निजायला जाण्याची भीती वाटू लागली आहे, असे कवी थॉमस ग्रे याने त्याला कळविले.

‘क्रिटिकल रिव्ह्यू’ला आरंभापासूनच संशय होता. ‘मंथली रिव्ह्यू’ने मात्र जुन्या काळची कथा म्हणून तिच्यातील असंभाव्य गोष्टी पोटात घातल्या व भाषेची आणि पात्रांची वाखाणणी केली. पुढे एप्रिल १७६५ मध्ये दुसरी आवृत्ती निघाली. आपण प्राचीन अद्भुतकथा व आधुनिक कादंबरी यांचा मिलाफ करू पाहिला, अशी कबुली वॉल्पोलने तीत दिली. लगेच मे महिन्यात त्याच नियतकालिकाने सूर पालटला: अंधारयुगातील लेखकाला जे क्षम्य, ते सुसंस्कृत युगातील लेखकाला कसे शोभावे? कथा तीच होती. पालटला होता तो केवळ लेखक.

मला या नंतरच्या टीकेपेक्षा आधीची क्षमाच अधिक बोचते. कॅथलिक धर्मगुरूकडून भाबडेपणाखेरीज निराळी अपेक्षाच नव्हती, असे तीत गृहीत धरलेले दिसते. त्या काळच्या इंग्लंडमध्ये मिस्सा अर्पण करणे हा गुन्हा होता. १७६७ मध्ये फादर जॉन बॅप्टिस्ट मलोनी यांना धर्मगुरूचे कार्य केल्याबद्दल जन्मठेप सुनावण्यात आली. सार्वजनिक उपासनेची कायदेशीर मुभा मिळण्यास १७९१ साल उजाडावे लागले.

गंमत अशी की, प्रस्तावनेत धर्मगुरूची टवाळी करणाऱ्या वॉल्पोलला कथेत धर्मगुरूवाचून चालले नाही. पत्नी हिपोलिताला सोडून मृत पुत्राच्या वाग्दत्त वधूशी विवाह करू पाहणाऱ्या जुलमी मॅनफ्रेडला तोंडावर विरोध करतो तो मठवासी फादर जेरोम. आणि ती भयभीत इझाबेला आश्रयाला धावते ती संत निकोलसच्या चर्चमध्ये.