पत : एका शब्दाचा वऱ्हाडी इतिहास

मराठीत ‘पत’ हा शब्द बाजारात जितका वापरला जातो तितकाच घरातही वापरला जातो. ‘बाजारात त्याची पत आहे’ असे म्हणताना उधार मिळण्याची क्षमता अभिप्रेत असते, तर ‘चारचौघांत पत राहिली नाही’ असे म्हणताना अब्रू. अर्थशास्त्राच्या परिभाषेने पतपुरवठा, पतपेढी, पतसंस्था असे सामासिक शब्द घडवले, परंतु मूळ शब्दातील हे दोन्ही अर्थ एकमेकांपासून कधी सुटे झाले नाहीत. इंग्रजी शब्दाचे मूळही ‘विश्वास ठेवणे’ या अर्थाच्या लॅटिन धातूत आहे. म्हणजे कर्ज ही पैशाची बाब होण्याआधी ती ओळखीची बाब होती. कोण कोणाला ओळखतो, आणि ती ओळख कोणाच्या वहीत लिहिलेली असते, या दोन प्रश्नांच्या आधारे यवतमाळ जिल्ह्याचा गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास वाचता येतो. आज क्रेडिट कार्ड आणि ‘सिबिल’ हे शब्द विद्यार्थ्यांच्याही बोलण्यात रुळले असताना हा इतिहास माहीत असणे अगत्याचे आहे.

प्रथम सावकाराची वही. ‘साव’ म्हणजे प्रामाणिक, हे ध्यानात घेतले की ‘सावकार’ या शब्दाचा आरंभ तरी सन्मानाचा होता असे दिसते. तुकोबांच्या घराण्यात महाजनकी आणि सावकारी होती. सतराव्या शतकातील दुष्काळात ते स्वतः नागवले गेले, आणि पुढे आपल्या वाट्याची कर्जखते त्यांनी इंद्रायणीत बुडवली, अशी कथा महिपतीने सांगितली आहे. भाऊ कान्होबा याच्या वाट्याची खते त्यांनी बुडवली नाहीत, हा त्या कथेतील तपशील फार महत्त्वाचा आहे. आपले येणे सोडण्याचा अधिकार ज्याचा त्याला असतो. दुसऱ्याचे येणे सोडता येत नाही. कर्जमाफीच्या आजच्या वादात हा विवेक क्वचितच दिसतो.

इंग्रजी राजवटीने या व्यवहाराचा पाया बदलला. १८५३ च्या तहाने वऱ्हाड निजामाकडून कंपनीकडे आले. पुढील दशकात मुंबई इलाख्याच्या धर्तीवर जमिनीची मोजणी सुरू झाली आणि खातेदाराला आपली जमीन गहाण टाकण्याचा व विकण्याचा हक्क मिळाला. त्याच सुमारास अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१ ते १८६५) इंग्लंडच्या गिरण्यांना भारतीय कापूस हवा होता. १८६७ मध्ये मुंबई-नागपूर लोहमार्ग पुरा झाला आणि वऱ्हाडचा कापूस थेट बंदराला जोडला गेला. आजचा यवतमाळ जिल्हा त्या काळी वणीच्या नावाने ओळखला जाई. १९०५ मध्ये त्याला यवतमाळ हे नाव मिळाले. नगदी पीक आणि विकाऊ जमीन एकत्र आली तेव्हा सावकाराला कुणबी माणूस म्हणून कसा आहे हे पाहण्याची गरज उरली नाही. जमीन पाहिली की पुरे. पत माणसाकडून जमिनीकडे सरकली ती येथे. सवाई-दिढीने धान्य घेणारा शेतकरी पूर्वीही होता, परंतु त्या व्यवहारात शेत सावकाराच्या नावे चढण्याची शक्यता आता कायद्याने निर्माण केली.

पश्चिम महाराष्ट्रात याचा स्फोट १८७५ मध्ये झाला. १२ मे रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथून सुरू झालेल्या दंग्यांत शेतकऱ्यांनी माणसांपेक्षा कागदांना लक्ष्य केले. खते हस्तगत करावयाची आणि जाळावयाची. १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा त्यातून आला. १८८३ मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून पूर्ण करणाऱ्या जोतीराव फुल्यांनी शेतकऱ्याचे दारिद्र्य सावकार, कुलकर्णी आणि सरकारी कचेरी यांच्या एकत्रित व्यवहारात शोधले. निरक्षर माणसाची पत साक्षर माणसाच्या लेखणीवर अवलंबून असते, हे त्यांचे निरीक्षण पुढच्या सर्व टप्प्यांना लागू पडते.

दुसरी वही सहकारी सोसायटीची. १९०४ च्या सहकारी पतसंस्था कायद्यामागे जर्मनीतील रायफायझन यांची कल्पना होती. एकाच गावातील माणसांनी एकत्र यावे आणि एकमेकांच्या कर्जाची अमर्याद जबाबदारी घ्यावी, असे तिचे स्वरूप होते. शेजाऱ्याचे चारित्र्य शेजाऱ्यालाच ठाऊक असते, म्हणून तारण जमिनीचे न घेता ओळखीचे घ्यावे, हा विचार उदात्त होता. व्यवहारात मात्र तो रुजावयास फार काळ लागला. मध्य प्रांत-वऱ्हाड सरकारने १९३३ मध्ये कर्ज-तडजोडीचा व १९३९ मध्ये कर्जनिवारणाचा कायदा केला, यावरून सावकारी कर्जाचा भार किती होता याची कल्पना येते. रिझर्व्ह बँकेच्या १९५१-५२ च्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीत आढळले की शेतकऱ्यांच्या कर्जापैकी सहकारी संस्थांकडून येणारा वाटा अवघा ३.१ टक्के होता. व्यावसायिक आणि शेतकरी सावकार मिळून सुमारे ७० टक्के कर्ज देत होते.

स्वातंत्र्योत्तर काळात गावची सेवा सहकारी सोसायटी, जिल्हा मध्यवर्ती बँक आणि राज्य बँक अशी त्रिस्तरीय रचना उभी राहिली. १९६९ मध्ये १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. १९७२ पासून राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना आली आणि कापसाच्या चुकाऱ्यातून सोसायटीचे कर्ज वळते करून घेण्याची पद्धत रुळली. वसुली पिकाशी बांधली गेल्याने कर्जाचे चक्र फिरत राहिले; पण खर्च वाढले, भाव घसरला किंवा पाऊस हुकला की तेच चक्र थांबे. मग ‘थकबाकीदार’ हा शिक्का बसे आणि शेतकरी पुन्हा सावकाराकडे किंवा कृषी सेवा केंद्राच्या उधारीकडे वळे. १९ मार्च १९८६ रोजी यवतमाळ जिल्ह्यातील चिलगव्हाणच्या एका शेतकरी कुटुंबाने जीवनयात्रा संपवली. त्या दिवसाची आठवण म्हणून अलीकडच्या वर्षांत महाराष्ट्रात अन्नत्याग केला जातो. २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले आणि यवतमाळसह सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची योजना जाहीर झाली.

२००८ च्या केंद्रीय कर्जमाफीत दोन हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्याला पूर्ण माफी होती. त्याहून अधिक जमीन असणाऱ्याला एकरकमी फेडीवर २५ टक्के सूट. विदर्भातील कोरडवाहू शेतकऱ्याकडे जमीन जास्त आणि उत्पन्न कमी, त्यामुळे त्यांतले अनेकजण पूर्ण माफीच्या बाहेर राहिले. जमीन हे पत मोजण्याचे माप किती फसवे आहे हे त्या वेळी स्पष्ट झाले. २०१७ आणि २०१९ च्या राज्याच्या योजनांनी अनुक्रमे दीड व दोन लाखांपर्यंत दिलासा दिला. नियमित फेड करणाऱ्यांसाठी प्रोत्साहनाची रक्कमही ठेवली. नियमित फेडणाऱ्याच्या मनातील ‘मी फेडले हे चुकले काय?’ हा प्रश्न शासनालाही ऐकू आला होता, असा त्याचा अर्थ.

तिसरी वही आपल्या डोळ्यांसमोर लिहिली जात आहे. साहित्याच्या विद्यार्थ्यांना एक गोष्ट रंजक वाटेल : ‘क्रेडिट कार्ड’ हा शब्दप्रयोग बँकेच्या कचेरीपूर्वी एका कादंबरीत अवतरला. एडवर्ड बेलामी या अमेरिकी लेखकाने १८८८ मध्ये लिहिलेल्या ‘लुकिंग बॅकवर्ड’मध्ये इ. स. २००० चा समाज कल्पिला आहे. त्यात प्रत्येक नागरिकाला राष्ट्राच्या वार्षिक उत्पन्नातील त्याचा वाटा एका कार्डावर मिळतो. ते कार्ड हक्काचे होते, कर्जाचे नव्हते. प्रत्यक्षात १९५० मध्ये डायनर्स क्लब आणि १९५८ मध्ये बँक ऑफ अमेरिका यांनी जे कार्ड आणले, ते उसनवारीचे. भारतात सेंट्रल बँक ऑफ इंडियाने १९८० मध्ये आपले कार्ड काढले. १९९८ मध्ये आलेल्या किसान क्रेडिट कार्डाने हेच नाव शेतात नेले. पण त्याची फेड पीक हाती येण्याशी जोडलेली आहे. तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज मुदतीत फेडल्यास केंद्र व राज्य यांच्या व्याज सवलतींमुळे, ज्यांत राज्याच्या योजनेला डॉ. पंजाबराव देशमुख यांचे नाव आहे, शेतकऱ्याला ते शून्य टक्क्याने पडते.

शहरी कार्डाची जात वेगळी. त्याचे गणित समजून घेतले पाहिजे. देय तारखेपर्यंत संपूर्ण बिल भरले तर व्याज लागत नाही. परंतु बिलावर ‘किमान देय रक्कम’ नावाची एक छोटी संख्या छापलेली असते, आणि खरी मेख तिच्यातच आहे. समजा, १०,००० रुपये बाकी आहेत, व्याज दरमहा साडेतीन टक्के आहे आणि किमान रक्कम ५०० आहे. त्या ५०० मधून ३५० व्याजात व ६३ व्याजावरील करात जातात. मुद्दल फिटते ८७ रुपये. वर्षाला हा दर ४२ टक्के होतो. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ खाली परवानाधारक सावकाराला शेतकऱ्याकडून तारणी कर्जावर ९ आणि बिनतारणी कर्जावर १२ टक्क्यांपेक्षा अधिक घेता येत नाही. कार्डाच्या व्याजावर ३० टक्क्यांची मर्यादा घालणारा ग्राहक आयोगाचा २००८ चा निर्णय मात्र सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केला. आपण सावकार या शब्दाने दचकतो आणि कार्डाने सुखावतो, यात भाषेचा वाटा मोठा आहे.

या वहीचा हिशेबनीस म्हणजे पतमाहिती कंपनी. ‘सिबिल’ २००० मध्ये स्थापन झाली. २००५ मध्ये अशा कंपन्यांचा कायदा झाला. आज देशात अशा चार कंपन्या आहेत. ३०० ते ९०० या पट्टीवर माणसाला गुण मिळतात. हप्ते वेळेवर भरले का, मंजूर मर्यादेपैकी किती भाग वापरला, किती वर्षांची नोंद आहे, अल्पकाळात किती ठिकाणी कर्ज मागितले, यांवरून ते ठरतात. म्हणून पूर्ण बिल वेळेवर भरणे, मर्यादेच्या साधारण तृतीयांशाच्या आत राहणे, उगाच अनेक अर्ज न करणे, दुसऱ्याला जामीन राहताना त्याची थकबाकी आपल्याही नोंदीत येते हे जाणणे, आणि वर्षातून एकदा विनामूल्य मिळणारा स्वतःचा अहवाल तपासून चुकीची नोंद दुरुस्त करून घेणे, एवढ्याने पत बांधता येते. तडजोडीने मिटवलेले कर्जही ‘तडजोड’ म्हणूनच नोंदले जाते. ते पूर्ण फिटलेल्या कर्जाच्या बरोबरीचे मानले जात नाही.

या पद्धतीचा न्याय्य भाग मान्य केला पाहिजे. जात, गाव, ओळखपाळख यांची विचारणा न करता ती केवळ वर्तन पाहते. ज्याच्या नावावर एक गुंठाही नाही अशा तरुणीला ती पत देऊ शकते. २०१९ च्या जानेवारीत यवतमाळला झालेल्या ९२ व्या साहित्य संमेलनाचे उद्घाटन वैशाली येडे या शेतकरी विधवेच्या हस्ते झाले. सातबाऱ्यावर नाव नसलेल्या स्त्रीच्या मागे कर्ज उरते, पत उरत नाही, ही या जिल्ह्यातील असंख्य घरांची स्थिती आहे. १९९२ पासून बचत गटांना बँकांशी जोडण्याचा जो कार्यक्रम राबवला गेला, त्यातून अशा अनेक स्त्रियांच्या नावे प्रथमच एखादी आर्थिक नोंद तयार झाली.

पण या गुणांचे घड्याळ महिन्याचे आहे. ज्याचा पगार एक तारखेला जमा होतो त्याच्यासाठी ते आखलेले आहे. पगारपत्रक हाच त्याचा सातबारा. कापूस वेचणीला आल्याशिवाय ज्याच्या हाती पैसा येत नाही, किंवा तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या ज्या प्राध्यापकाचे मानधन महिनोन्महिने रखडते, त्याचे वर्तन आणि त्याची परिस्थिती यांतील फरक ही पट्टी ओळखत नाही. पाऊस न येणे हा दोष कोणाच्या वर्तनाचा? पीककर्जासाठी सिबिलचा आग्रह धरू नये, असे राज्य सरकार बँकांना वारंवार बजावते ते याच कारणाने. सोसायटीचा गटसचिव पक्षपाती असेल, पण यंदा गावात पाऊस पडला नाही हे त्याला ठाऊक होते.

तुकोबांची खते पाण्यात गेली, सुप्याची आगीत गेली. आजची नोंद कोणत्याही इंद्रायणीत बुडणारी नाही, म्हणून ती वाचता येणे ही साक्षरतेचीच पुढची पायरी ठरते. फुल्यांना शेतकऱ्याच्या मुलाने कुलकर्ण्याची लेखणी वाचावी असे वाटत होते. आपल्या वर्गातील विद्यार्थ्याला स्वतःचा पतअहवाल वाचता यावा आणि त्यातील चुकीला हरकत घेता यावी, एवढी जबाबदारी भाषेच्या शिक्षकावरही येते. आणि ‘पत’ या शब्दाचा दुसरा, अब्रूचा अर्थ तीन आकडी संख्येत मावत नाही, हे सांगण्याची जबाबदारी तर मुख्यतः त्याचीच आहे.