पाटकऱ्याची वाट

आल्प्समधल्या पायवाटांचा इतिहास बहुतेक पुस्तकांत इंग्रजांपासून सुरू होतो. १८५७ साली लंडनमध्ये अल्पाइन क्लब निघाला, १४ जुलै १८६५ रोजी मॅटरहॉर्न सर झाले, मागोमाग हॉटेले व आगगाड्या आल्या आणि हवापालटासाठी येणाऱ्यांनी डोंगर पायाखाली घातले, अशी ती साखळी. ती खोटी नाही, पण अपुरी आहे. स्वित्झर्लंडच्या व्हाले प्रांतातील नँदा या गावच्या वाटांनी मला ते दाखवून दिले.

नँदाला हिवाळ्यात गर्दी होते ती बर्फावर घसरण्याच्या खेळासाठी. उन्हाळ्यात येतात ते चालणारे. येथल्या कित्येक वाटा डोंगरात असूनही चढत नाहीत. उतारावर आडव्या, जवळजवळ सपाट अशा त्या मैलोन्‌मैल जातात. म्हणून नातवंडांचा हात धरून आजी-आजोबाही निर्धास्त चालतात. वाटेला लागून एक अरुंद पाट वाहत असतो. फ्रेंचमध्ये त्याला ‘बिस’ म्हणतात, तर प्रांताच्या जर्मन बोलणाऱ्या भागात ‘सुओने’.

बर्फाच्या देशात पाट कशाला, हा प्रश्न साहजिक आहे. व्हाले दोन्ही बाजूंनी उंच रांगांनी वेढलेला, पर्जन्यछायेतला मुलूख. सियों या त्याच्या राजधानीत वर्षाकाठी सुमारे ६०० मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे आपल्या अवर्षणप्रवण तालुक्यांइतकाच. पाणी आहे ते हिमनद्यांचे, आणि ते ऐन उन्हाळ्यात वितळते. मात्र ओढे खोल घळींतून वाहतात आणि कुरणे असतात वर, उतारावर. तेव्हा ओढ्याला बरेच वर अडवून, अगदी अल्प उतार देत, पाणी डोंगराच्या कुशीने फिरवत आणायचे. मध्ये सरळ कडा आला तर खडकात तुळया ठोकून त्यांवर लाकडी पन्हळी टांगायच्या. हे काम करणारी माणसे दोरांनी लोंबकळत असत.

यांतले बरेच मोठे बिस पंधराव्या शतकातले आहेत. प्लेगच्या साथीने लोकसंख्या घटली, धान्यापेक्षा गुरे पाळणे परवडू लागले आणि उत्तर इटलीतल्या शहरांत गुरांना गिऱ्हाईक मिळू लागले. गुरे वाढली तसे गवत जास्त लागू लागले, आणि गवतासाठी पाणी.

बिस बांधणारे भागीदार पाणी वाटून घेत ते वेळेच्या हिशेबाने. कोणाची पाळी किती, हे काही गावांत लाकडी पट्ट्यांवर खुणा कोरून नोंदले जाई. राखणीला एक माणूस नेमलेला असे. त्याने रोज पाट चालून पाहायचा, पालापाचोळा काढायचा, गळती बुजवायची. कठीण जागी पाण्यावर फिरणारे एक चाक बसवलेले असे. ते फिरले की लाकडी हातोडी फळीवर आपटे. ठकठक ऐकू येते तोवर पाणी चालू. आवाज थांबला की पाट फुटला असे समजून राखणदाराने रात्री-अपरात्री धाव घ्यायची.

त्याच्या पायांसाठी पाटालगत वाट राखलेली असे. आज पर्यटक चालतात ती हीच. ती सपाट आहे कारण पाण्याला तोच उतार हवा होता. इंग्रज येण्यापूर्वी चारशे वर्षे ती पायाखालची होती.

विसाव्या शतकात चित्र पालटले. साव्हिएझ गावचा कड्यावरचा ‘तोरां-नफ’ १९३५ साली डोंगरातून बोगदा निघताच निरुपयोगी ठरला. नँदाच्या ओढ्यावरून निघणारा, १८६३ ते १८७६ या काळात बांधलेला साक्सोंचा बिस ३२ किलोमीटरचा, सर्वांत लांब. तोही पुढे सोडून दिला गेला. पाणी गेले की लाकूड कुजते आणि राखणदार गेला की वाट ढासळते. ती परत आली चालणाऱ्यांमुळे. तोरां-नफची वाट एकविसाव्या शतकात पुन्हा बांधली गेली, तर साक्सोंच्या बिसच्या काही भागात पुन्हा पाणी सोडले आहे. नँदातले काही बिस आजही शेती भिजवतात. इतर काही ठिकाणी मात्र पाणी मुख्यतः चालणाऱ्यांसाठी वाहते.

याला वाचणे म्हणायचे का? माझे उत्तर अर्धे होय असे आहे. आयां गावचा बिस २०१९ पासून स्विस शंभर फ्रँकच्या नोटेवर आहे, पण नोटेवरच्या पाटाला पाळी नसते. म्हणूनच २०२३ साली युनेस्कोने युरोपातील सात देशांच्या पारंपरिक सिंचनाला मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशात घेतले, तेव्हा नोंद भिंतींची वा पन्हळींची झाली नाही. ज्ञान, तंत्र आणि संघटन यांची झाली, हे मला महत्त्वाचे वाटते.

हे सारे पाहताना मला धुळ्याकडची फड पद्धत आठवत होती. पांझरेवरचे बंधारे, पाट, पाळीने पाणी आणि ते सोडणारा पाटकरी. त्याच्याही पायांची वाट पाटाच्या भरावावर होती. बऱ्याच ठिकाणी आता ती बाभळींनी गिळली आहे. तिथे हौसेने चालायला कोणी येणार नाही आणि यावे असा माझा आग्रहही नाही. पण ज्यांच्याकडून मी पाळीचे हिशेब ऐकले ते पाटकरी आता ऐंशीच्या घरात आहेत. त्यांच्याबरोबर एकदा पाट चालून, कुठे पाणी मुरते, कुठे भांडण होई आणि ते कसे मिटे, एवढे तरी लिहून घेतले पाहिजे. वाट पुन्हा बांधता येते, हे साव्हिएझने दाखवले. पाळीचा हिशेब सांगणारे तोंड मात्र पुन्हा बांधता येत नाही.