अंकांत बांधलेले रंग

लिनीयसने वनस्पतींचे वर्गीकरण पुंकेसर आणि स्त्रीकेसर यांच्या संख्येवर बसविले, तेव्हापासून युरोपातील चित्रकारांपुढे एक नवीनच पेच उभा राहिला. जे फूल आजवर केवळ शोभेसाठी रेखाटले जात असे, त्याच्या पोटात केसर किती, अंडाशय पाकळ्यांच्या वर की खाली, बीज नेमके कोठे चिकटलेले, हे दाखविल्यावाचून त्या चित्राची शास्त्रापुढे काडीचीही किंमत उरेना. आणि हे दाखवावयाचे तर दाखविणाऱ्याला आधी ते कळलेले असावयास हवे. ते ज्यांना पुरतेपणी कळले होते, अशा मोजक्या चित्रकारांत फर्डिनंड बाउअर यांचे स्थान माझ्या मते पहिले आहे. त्यांचे थोरले बंधू फ्रान्झ हे लंडनजवळच्या क्यू येथील राजोद्यानात सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून पन्नास वर्षे बसले. काही जाणकार हा मान त्यांनाच देतील, आणि त्यांच्याशी माझे भांडण नाही.

फर्डिनंड यांचा जन्म १७६० चा, ऑस्ट्रियातील फेल्ड्सबर्ग गावचा. वडील लिश्टेनश्टाइनच्या राजघराण्याच्या पदरी चित्रकार होते. पण मुलगा रांगता असतानाच ते वारले, आणि पुढे या भावंडांच्या शिक्षणाचा भार गावातील मठाचे प्रमुख नॉर्बर्ट बोचिउस यांनी उचलला. बोचिउस हे संन्यासी, वैद्य आणि वनस्पतिज्ञ असे तिन्ही एकाच देही. त्यांनी वनस्पतिचित्रांचा जो चौदा खंडांचा प्रचंड संग्रह सिद्ध करविला, त्यातील दोन हजार सातशेंहून अधिक चित्रांपैकी बरीचशी या कोवळ्या वयाच्या भावांच्या हातची आहेत. पुढे व्हिएन्नात निकोलाउस याकविन या विख्यात वनस्पतिशास्त्रज्ञाच्या हाताखाली फूल चिरून पाहण्याची आणि सूक्ष्मदर्शक वापरण्याची तालीम मिळाली.

परंतु फर्डिनंड यांचे खरे धन वेगळेच होते. वनस्पती खुडली की तिचा रंग उतरू लागतो. डोंगरात, होडीत, तंबूत बसून जलरंगांचा सरंजाम मांडावा, तोवर पाकळी कोमेजून जाते. बोचिउस यांच्या मठात रंगांना क्रमांक देण्याची रीत होती. बाउअर यांनी ती रीत आत्मसात करून इतकी वाढविली की, तिच्या जोरावर त्यांना प्रवासात रंगपेटी उघडण्याची गरजच फारशी उरली नाही. ते जागेवर पेन्सिलीने रेखाकृती काढीत आणि पानावर, देठावर, पाकळीच्या कडेशी बारीक आकडे टाकीत. मग काही महिन्यांनी, कधी तर काही वर्षांनी, घरी बसून त्या आकड्यांवरून रंग भरीत, एखाद्या मुरलेल्या कारकुनाने जुन्या कीर्दीवरून खतावणी उतरवावी तसे. ग्रीसच्या प्रवासात हे आकडे अडीचशेच्या पुढे गेले, आणि ऑस्ट्रेलियात तर हजाराच्या घरात पोहोचले. हिरव्या रंगाच्याच शेकडो छटा एका मनुष्याच्या स्मरणात वेगवेगळ्या नांदाव्यात आणि हाताने त्या चुकू नयेत, ही गोष्ट निव्वळ प्रतिभेच्या खात्यावर टाकणे मला पटत नाही. तो अभ्यास होता, आणि अतिशय रूक्ष अभ्यास होता.

१७८६ साली ऑक्सफर्डचे प्राध्यापक जॉन सिबथॉर्प व्हिएन्नाहून पूर्वेकडे निघाले. डायोस्कोरिडीस या प्राचीन ग्रीक वैद्याने वर्णिलेल्या औषधी वनस्पती प्रत्यक्षात कोणत्या, हे त्यांना त्याच भूमीत जाऊन ठरवावयाचे होते, आणि सोबत बाउअर होते. क्रीट, स्मर्ना, कॉन्स्टँटिनोपल, सायप्रस असा तुर्की सुलतानाचा मुलूख हिंडून १७८७ च्या अखेरीस ही मंडळी इंग्लंडात परतली, आणि पुढची काही वर्षे ऑक्सफर्डात त्या आकड्यांचे रंग होत राहिले. सिबथॉर्प १७९६ साली क्षयाने वारले. पण त्यांनी मृत्युपत्रात इस्टेटीचे उत्पन्न लावून दिल्यामुळे ‘फ्लोरा ग्रीका’ हा ग्रंथ १८०६ ते १८४० या काळात दहा खंडांत, ९६६ चित्रफलकांसह प्रसिद्ध झाला. तो इतका महाग होता की, त्याच्या पहिल्या ग्राहकांची संख्या जेमतेम पंचवीसच्या आसपास भरली. विद्वत्तेचा मान ग्रंथकाराकडे गेला आणि चित्रकार पगारी नोकर ठरला, हा त्या काळचा शिरस्ताच होता. पुण्याजवळच्या दापोडीच्या सरकारी बागेत डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांनी १८४७ नंतर ज्या एतद्देशीय चित्रकाराकडून वनस्पतिचित्रे काढवून घेतली, त्याचे तर नावसुद्धा दप्तरात उरलेले नाही. चित्रे मात्र एडिंबरोच्या उद्यानात जपून ठेवली आहेत.

१८०१ साली ऑस्ट्रेलियाच्या मोहिमेवर निघालेल्या मॅथ्यू फ्लिंडर्स यांच्या ‘इन्व्हेस्टिगेटर’ जहाजावर निसर्गचित्रकार म्हणून बाउअर यांची नेमणूक झाली. वनस्पतिज्ञ रॉबर्ट ब्राउन यांना सालीना ४२० पौंड, बाउअर यांना ३१५. जहाजाची लाकडे कुजलेली निघाल्याने मोहीम अर्धवट राहिली. फ्लिंडर्स दुसऱ्या जहाजाने निघाले, ते फुटले, आणि पुढे मॉरिशसमध्ये फ्रेंचांनी त्यांना अनेक वर्षे अटकेत ठेवले. ब्राउन आणि बाउअर मागेच राहिले, आणि त्यात शास्त्राचा लाभच झाला: त्यांना संग्रहासाठी आणखी दोन वर्षे मिळाली, आणि बाउअर नॉरफॉक बेटावर एकटेच जाऊन काही महिने राहून आले. १८०५ साली इंग्लंडला परतताना त्यांच्यापाशी सुमारे दोन हजार रेखाकृती होत्या.

आरमारखात्यासाठी पूर्ण चित्रे करण्याचे काम संपवीत असतानाच त्यांनी ऑस्ट्रेलियन वनस्पतींचा स्वतःचा ग्रंथ १८१३ मध्ये काढावयास घेतला. मनाजोगता खोदकाम करणारा आणि रंग भरणारा न मिळाल्याने ताम्रपट त्यांनी स्वतः कोरले, रंगही स्वतःच भरले. आणि ग्राहकच न मिळाल्याने पंधरा फलकांवर ते काम थांबले. गटे यांच्यासारख्या रसिकाने त्यांची पाइनवृक्षांची चित्रे मुक्तकंठाने वाखाणली, पण स्तुतीने छपाईचा खर्च भागत नाही. १८१४ साली ते ऑस्ट्रियाला परतले, शोनब्रुनच्या राजोद्यानालगत हीत्सिंग येथे राहिले, आणि लंडनच्या मंडळींसाठी तेथूनच चित्रे काढून पाठवीत राहिले. जॉन लिंडली यांच्या १८२१ च्या डिजिटॅलिसवरील ग्रंथातील चित्रे त्यांचीच. १८२६ च्या मार्चमध्ये ते निवर्तले. रेखाकृती आणि वाळविलेल्या वनस्पती व्हिएन्नाच्या संग्रहात गेल्या, आणि नॉरफॉक बेटावर त्यांनी गोळा केलेल्या सामग्रीवरून १८३३ साली श्टेफान एंडलिशर यांनी त्या बेटाच्या वनस्पतींची पहिली नोंद प्रसिद्ध केली.