‘पण लक्षात कोण घेतो?’ : सामाजिक जाणिवेचे बळ आणि तिच्या मर्यादा

हरि नारायण आपटे यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी ‘करमणूक’मधून 1890 ते 1893 या काळात क्रमशः प्रसिद्ध झाली. संमतिवयाचे विधेयक, त्यावरील पुण्यातील वादळ आणि 1891 चा कायदा हे सारे याच काळातले. त्यामुळे या कादंबरीला ‘सुधारणावादी’ ठरवून तिचे मूल्यमापन संपविण्याची सवय आपल्या समीक्षेला जडली. परंतु लेखकाची सहानुभूती आणि कलाकृतीची सामाजिक दृष्टी या दोन गोष्टी एकच नव्हेत.

कादंबरीचे पहिले सामर्थ्य तिच्या निवेदनात आहे. यमू स्वतःची कहाणी स्वतः सांगते. सभांतून आणि वृत्तपत्रांतून पुरुषांनी पुरुषांशी वाद घालण्याचा जो विषय होता, तो येथे माजघरात, स्त्रीच्या बोलीत उतरतो. रूढी म्हणजे केवळ शास्त्रवचन नव्हे. ती टोमण्यांतून, अबोल्यातून, रोजच्या धाकातून चालते, हे आपटे तपशिलांनी दाखवितात. आईच्या मृत्यूनंतर यमूचे वडील पुन्हा लग्न करतात. पती गेल्यावर यमूच्या वाट्याला सक्तीचे केशवपन येते. या विरोधावर भाष्य करण्याची गरजच उरत नाही.

मर्यादा सुरू होते ती रघुनाथरावांच्या चित्रणात. यमूचे शिक्षण, मुंबईतील मोकळेपण, तिचा वाढता आत्मविश्वास हे सारे पतीच्या उदारतेतून येते. बालमैत्रीण दुर्गीच्या वाट्याला तसा पती आला नाही, म्हणून तिचे आयुष्य करपते. म्हणजे स्त्रीचे सुखदुःख पुरुषाच्या गुणावगुणांवर ठरते. तो चांगला की वाईट, एवढाच फरक. ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्रीपुरुष तुलना’त (1882) पुरुषी अधिकारालाच जाब विचारला होता, आपटे त्या अधिकाराला सुसंस्कृत करू पाहतात. शंकरमामंजींच्या रूपाने दांभिक खलपुरुष उभा केल्यामुळेही व्यवस्थेचा दोष काहीसा व्यक्तीच्या खात्यावर जमा होतो.

दुसरी मर्यादा जातीची आहे. केशवपनाचा प्रश्न या कादंबरीत ब्राह्मण घराच्या चार भिंतींतच राहतो. पण ‘करमणूक’ निघाले त्याच 1890 साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिकांनी विधवांचे केशवपन न करण्याचा निर्धार केला होता. वस्तरा ज्याच्या हाती, त्यालाही विवेक असतो, ही शक्यता कादंबरीच्या कल्पनाविश्वात शिरत नाही. बाबा पदमनजींच्या ‘यमुनापर्यटना’तील (1857) यमुनेला धर्मांतर आणि पुनर्विवाह ही वाट तरी मिळते, तिच्यावर प्रचाराचा आरोप करता येईल, पण ती जगते. पंडिता रमाबाईंचे शारदासदन 1890 मध्ये पुण्यात आले असतानाही आपट्यांची यमू मात्र करुणेची धनीण होऊन संपते.

मग या कादंबरीला आजच्या कसोट्या लावून दोषी ठरवावयाचे काय? तसे करणे सोपे आणि म्हणूनच निरुपयोगी आहे. कारण आपट्यांच्या भूमिकेची सर्वांत तीक्ष्ण चिकित्सा त्यांच्याच कथानकात दडलेली आहे. रघुनाथराव जाताच यमूचे वाचन, तिची समज, तिचे स्वातंत्र्य यांपैकी काहीही तिला वाचवू शकत नाही. एका माणसाच्या आयुष्यावर उभारलेली सुधारणा त्याच्या मृत्यूबरोबर कोसळते. लेखकाला हा निष्कर्ष कितपत अभिप्रेत होता, हा प्रश्न दुय्यम आहे. त्याच्या वास्तवनिष्ठेने तो त्याच्याकडून लिहवून घेतला, हे महत्त्वाचे. उदार पतीच्या आदर्शावर विश्वास ठेवणारा लेखक त्या आदर्शाचे अपुरेपण लपवीत नाही. या कादंबरीची थोरवी तिच्या सुधारणावादात शोधण्यापेक्षा या प्रामाणिकपणात शोधणे अधिक न्याय्य होईल.