थाळनेर : राजधानी ते गाव – लोकवस्तीचा एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :
तापी नदीच्या उत्तर तीरावर शिरपूर तालुक्यात (जि. धुळे) वसलेले थाळनेर ही खानदेशच्या फारुकी घराण्याची पहिली राजधानी होय. फारसी ही ज्या राजवटींच्या दरबाराची व दप्तराची भाषा होती, त्यांच्या छायेत हे गाव वाढले. एकेकाळी राजधानी असलेले स्थळ कालांतराने केवळ एक गाव का उरले, या प्रश्नाचा प्रस्तुत निबंधात विचार केला आहे. ही अवनती किल्ल्यावरील युद्धामुळे झाली, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. तथापि हे स्पष्टीकरण अपुरे वाटते.

राजधानीचे स्थलांतर :
1370 मध्ये फिरोजशहा तुघलकाने मलिक राजास थाळनेर व करवंद हे प्रदेश दिले. 1399 मध्ये त्याच्या मृत्यूनंतर थोरला पुत्र नसीरखान याने असीरगड घेतला व बुऱ्हाणपूर वसविले. थाळनेर धाकट्या पुत्राकडे होते. 1417 मध्ये नसीरखानाने माळव्याच्या साहाय्याने तेही जिंकले. पुढे राजसत्तेचे केंद्र बुऱ्हाणपूर झाले. थाळनेर येथे फारुकींच्या कबरी मात्र राहिल्या. त्यांपैकी एक अष्टकोनी असून लक्षणीय आहे.

दप्तर आणि माणसे :
1601 मध्ये अकबराने खानदेश जिंकला. 'आईन-ए-अकबरी'त या सुभ्याच्या परगण्यांचा महसूल नोंदलेला आहे, परंतु गावोगावची माणसे मोजलेली नाहीत. म्हणून जनगणनापूर्व काळातील लोकवस्तीचा अंदाज महसूल, व्यापारी मार्ग व वास्तू यांवरूनच बांधावा लागतो. सतराव्या शतकात फ्रेंच प्रवासी तावेर्निये याने सुरत-बुऱ्हाणपूर मार्गावरील मुक्कामांत नंदुरबार, थाळनेर व चोपडा यांचा उल्लेख केला आहे. राजधानी गेली तरी या मार्गाने गावाला आधार दिला, असे यावरून म्हणता येते.

ऱ्हासाची कारणे :
1802 मधील यशवंतराव होळकरांच्या स्वाऱ्या व 1803-04 चा दुष्काळ यांमुळे खानदेशातील अनेक गावे ओस पडली. जानेवारी 1818 च्या मंदसौर तहानुसार होळकरांचा सातपुड्याच्या दक्षिणेकडील प्रदेश इंग्रजांकडे गेला. तरीही थाळनेरच्या शिबंदीने किल्ला सोडला नाही. 27 फेब्रुवारी 1818 रोजी सर थॉमस हिस्लॉप याच्या सैन्याने तो घेतला. शिबंदीची कत्तल झाली व किल्लेदार तुळशीराम मामा यास फाशी देण्यात आले. पुढे ब्रिटिश अंमलाचे ठाणे धुळे येथे झाले. 1860 च्या दशकात जळगाव-भुसावळ लोहमार्गावर आले, तर 1900 च्या सुमारास सुरत-जळगाव लोहमार्ग तापीच्या दक्षिणेकडून गेला. अमळनेर, दोंडाईचा ही गावे त्यावर आली. थाळनेर मात्र त्याबाहेर राहिले.

निष्कर्ष :
थाळनेरचा ऱ्हास एका लढाईने झाला नाही. आधी राजसत्ता, मग प्रशासन आणि शेवटी वाहतूक असे गावाचे आधार क्रमाक्रमाने दुसरीकडे गेले. 1818 ची लढाई या दीर्घ प्रक्रियेतील एक टप्पा होती. 1872 पासूनच्या जनगणनेचे आकडे या प्रक्रियेचा केवळ अखेरचा भाग दाखवितात. परगणा, मौजे, महसूल, जमाबंदी हे फारसी-अरबी शब्द मात्र मराठी दप्तरात टिकून राहिले. राज्यकर्ते गेले, त्यांची दप्तराची भाषा गावात राहिली. म्हणून खानदेशातील एखाद्या गावाचा इतिहास लिहिताना किल्ल्याइतकेच त्याचे महसुली दप्तरही वाचणे आवश्यक आहे.