कात्रजचा घाट आणि आनंदीबाईंचा परदेशवास

कात्रजच्या घाटाच्या पायथ्याशीं माझें बिऱ्हाड आहे. सायंकाळीं तलावाच्या बाजूस फिरावयास निघालों, कीं साताऱ्या-कोल्हापुराकडे जाणारा जुना रस्ता डोंगर चढतांना दिसतो. मध्यंतरीं माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याची मुलगी निरोप घेण्यास आली. खेड्यापाड्यांतील आरोग्याच्या कामाची उमेदवारी करण्यासाठीं ती सहा महिने आफ्रिकेंत जावयाची होती. नमस्कार करून म्हणाली, "गुरुजी, तयारी सगळी झाली, पण तिकडे माझा निभाव लागेल ना?"

मी पडलों शाळामास्तर. उत्तर म्हणून त्या घाटाकडे बोट दाखवून मीं तिला एक हकीकत सांगितली. तीच आज आपणांस सांगतों.

डॉ. आनंदीबाई जोशी यांचें नांव कोणास ठाऊक नाहीं? जन्म १८६५ चा, विवाह नवव्या वर्षीं. चौदाव्या वर्षीं झालेलें मूल दहा दिवसांत गेलें आणि वैद्यक शिकण्याचा निश्चय तेथेंच रुजला. ता. ७ एप्रिल १८८३ रोजीं त्यांनीं कलकत्त्याहून आगबोटीनें प्रस्थान ठेवलें. पती गोपाळराव बरोबर नव्हते. ता. ४ जून रोजीं त्या न्यूयॉर्कला उतरल्या, तेव्हां त्यांचें वय अवघें अठरा वर्षांचें होतें.

निभाव लागला, तो प्रथम एका घरामुळें. न्यू जर्सींतील रोझेल गांवच्या श्रीमती कार्पेंटर यांच्याशीं त्यांचा पत्रव्यवहार १८८० पासूनच सुरू होता. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणत. पहिले कांहीं महिने त्या याच घरीं राहिल्या. परक्या मुलखांत पाऊल टाकण्यापूर्वींच तेथें एक दार आपलें होऊन बसलें होतें. ऑक्टोबरांत त्या फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यक विद्यालयांत दाखल झाल्या. प्रमुख रेचेल बॉडली यांनीं त्यांना शिष्यवृत्ती देवविली.

आतां त्यांनीं काय सोडलें आणि काय राखलें, तें पाहावें. निघण्यापूर्वींच श्रीरामपूरच्या सभेंत त्यांनीं सांगितलें होतें, कीं मी हिंदु म्हणून जाईन आणि हिंदु म्हणूनच परत येईन. तो शब्द त्यांनीं पाळला. आहार शाकाहारीच ठेवला. लुगडें सोडलें नाहीं. मात्र थंडीचा आणि तिकडील चालीरीतींचा विचार करून नेसण्याची तऱ्हा गुजराती केली. १८८५ सालचें एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्यांत आनंदीबाई, जपानची एक विद्यार्थिनी आणि सीरियाची एक, अशा तिघीजणी आपआपल्या देशींच्या पोषाखांत आहेत. मूळ सोडावयाचें नाहीं, पण नेसण्याची निरी बदलावयाची, इतका विवेक त्या वयांत त्यांना होता.

परंतु याच हकीकतीची दुसरी बाजू आपण सहसा सांगत नाहीं. त्यांना राहावयास मिळालेल्या खोलींतील शेगडी नीट नव्हती. पेटवावी तर खोली धुरानें भरे, न पेटवावी तर थंडीनें अंग काकडे. प्रकृति मुळांत नाजूक. त्यांत अपुरें अन्न, अभ्यासाचा ताण आणि तेथील हिवाळा. ता. ११ मार्च १८८६ रोजीं त्यांना पदवी मिळाली. त्या समारंभास पंडिता रमाबाई विलायतेहून मुद्दाम आल्या होत्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयांत स्त्रीविभागावर आनंदीबाईंची नेमणूक झाली. वर्षअखेरीस त्या स्वदेशीं आल्या, त्या क्षयानें खंगूनच. उपचारांसाठीं त्यांना पुण्यास आणलें, आणि ता. २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यांतच त्यांचा अंत झाला. बाविसावें वर्ष पुरें झालें नव्हतें. पुण्याहून कोल्हापूरला जाऊन काम हातीं घेणें घडलेंच नाहीं.

रक्षा कार्पेंटरबाईंकडे पाठविण्यांत आली. न्यूयॉर्क राज्यांतील पोकीप्सी येथें त्यांच्या कुटुंबाच्या स्मशानभूमींत ती विसावली आहे. ज्या घरानें प्रथम दार उघडलें, त्याच घरानें अखेरची जागाही दिली.

आनंदीबाईंना आपण देव्हाऱ्यांत बसविलें आणि त्यांच्या मृत्यूला आत्मयज्ञ म्हटलें. मला वाटतें, यांत आपली थोडी सोय आहे. यज्ञ म्हटलें, कीं शेगडीची चौकशी करावी लागत नाहीं. त्या मुलीचा निर्धार कोठेंच कमी पडला नाहीं. कमी पडली ती ऊब, पोटभर अन्न आणि वेळेवर झालेली विचारपूस. परदेशीं निभाव लागणें ही एकट्या विद्यार्थ्याच्या छातीची परीक्षा नव्हे. पाठविणारे आणि बोलावणारे, दोघांचीही ती परीक्षा असते.

हकीकत संपली तेव्हां ती मुलगी कांहीं वेळ गप्प होती. मीं म्हटलें, "पोरी, तुझा निभाव लागेल. मात्र तिकडे एक घर जोडून ठेव. आणि खोलींत धूर झाला, तर सोसूं नकोस, मोठ्यानें सांग."

तिच्या वडिलांकडे वळून मीं एवढेंच म्हणालों, "आणि तूं आठवड्याला विचारीत जा."